तार घरीं करावी कीं विकत घ्यावी?

घरांत एखाद्या वस्तूची गरज पडली म्हणजे ती विकत आणावी कीं घरीं करावी, हा वाद आपल्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पापड, मेतकूट आणि लोणचीं यांवरून तो स्वयंपाकघरांत होतो; जानव्यांच्या जोडांवरून ओटीवर होतो. "घरचें तें घरचें" असें म्हणणारा एक पक्ष असतो आणि "वेळाचा हिशेब कोण धरणार?" असें विचारणारा दुसरा. दोन्ही पक्षांजवळ सांगण्यासारखें कांहीं असतें, म्हणूनच हा वाद कधीं मिटत नाहीं. मध्यंतरीं तोच वाद एका अगदीं निराळ्या वस्तूवरून झालेला आम्हीं पाहिला. ती वस्तु म्हणजे कॅल्क्युलेटर संगणकास जोडणारी हातभर लांबीची एक केबल. वस्तु क्षुल्लक खरी. पण तिच्या एका टोकाशीं जें होतें तें क्षुल्लक नव्हतें, म्हणून ही हकीकत वाचकांस सविस्तर सांगावीशी वाटते.

पुण्यांतील हें कुटुंब आमच्या घरोब्याचें. त्यांतील एक चिरंजीव १९९२ पासून सात वर्षें नोकरीनिमित्त अमेरिकेंत सहकुटुंब राहत होते व त्यांच्या मुलाचें शाळेचें शिक्षण तिकडेच झालें. तिकडील वरच्या वर्गांत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर ही आपल्याकडील कंपासपेटीसारखी नित्याची वस्तु आहे. अशा प्रकारचें पहिलें यंत्र कॅसिओ कंपनीनें १९८५ सालीं काढलें. परंतु अमेरिकेंतील शाळांतून पुढें टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या यंत्रांचाच प्रसार विशेष झाला. १९९५ पासून तर तेथील कॉलेज बोर्डाच्या प्रगत कॅल्क्युलस परीक्षेस असें यंत्र आवश्यकच ठरलें. आपल्या राज्यांत बारावीच्या परीक्षेला लॉगॅरिथमचीं कोष्टकें चालतात, कॅल्क्युलेटर चालत नाहीं. त्यामुळें आपल्यापैकीं पुष्कळांनीं हें यंत्र पाहिलेंहि नसेल. त्याला मोठा पडदा असतो, त्यावर समीकरणांचे आलेख निघतात, आणि मुख्य म्हणजे त्यांत स्वतः लिहिलेली आज्ञावलि सांठवून ठेवतां येते.

या मुलाजवळ १९९२ सालीं निघालेलें टीआय-८५ हें यंत्र होतें. १९९६ च्या उन्हाळ्यांत त्याचे आजोबा तिकडे राहावयास गेले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. नातवाला तिथीचें गणित शिकवावयाचें म्हणून त्यांनीं त्याच यंत्राचा उपयोग केला. सूर्याच्या पुढें चंद्र बारा अंश गेला म्हणजे एक तिथि होते, व ३६० अंशांत तीस तिथि होतात, हें तत्त्व सोपें. पण चंद्राची गति सारखी नसल्यामुळें त्यास संस्कार द्यावे लागतात. त्यांतील मोठे तेवढे घेऊन आजोबा-नातवांनीं मिळून आज्ञावलि लिहिली. तारीख घातली कीं पडद्यावर तिथीचा अंक येई, आणि त्याखालीं आजोबांनीं हट्टानें घालावयास लावलेली एक ओळ रोमन अक्षरांत उमटे : "संध्या झाली का?"

आजोबा २००३ सालीं वारले. नातू आतां पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे. तें यंत्र त्यानें आजवर जपलें. आणि हें जपणें वाटतें तितकें सोपें नव्हे. टीआय-८५ ची स्मृति विजेवर जगते. मुख्य वीज चार बारीक पेन्सिल-सेलांची. ते बदलतांना स्मृति जिवंत राहावी म्हणून बटणाएवढा एक लिथियमचा सेल निराळा असतो. दोहोंपैकीं एक नेहमीं जागेवर हवा. दोन्ही एकदम निघाले कीं आंत लिहिलेलें सर्व पुसलें जातें. जवळ जवळ तीस वर्षें हा गृहस्थ एकावेळीं एकच सेल बदलीत आला. परंतु गेल्या पावसाळ्यांत एक पेन्सिल-सेल गळला, खोबणींतील पितळी पट्टी गंजली, आणि यंत्र मधूनच बंद पडूं लागलें. आजोबांची ती आज्ञावलि जगांत दुसरीकडे कोठेंहि नव्हती. ती संगणकावर उतरून घ्यावयाची तर जोडणारी केबल हवी. येथून वादास आरंभ झाला.

गृहस्थाचें म्हणणें, केबल विकत घ्यावी. घरांत त्याचा एक पुतण्या आहे, अकरावीला असलेला. त्याचें म्हणणें, "काका, तुम्ही उगीच पैसे घालवतां. आंत तीनच तर तारा आहेत. मी दोन दिवसांत करून देतों." काका म्हणाले, "तीन तारा मलाहि दिसतात. पण यंत्र जळलें तर तूं मला आजोबा करून देणार का?" यावर मुलगा गप्प बसला, आणि आमच्याकडे निवाडा आला.

निवाडा देण्यापूर्वी ती केबल म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य होतें. यंत्राच्या बुडाशीं अडीच मिलिमीटर जाडीच्या प्लगाचें भोंक असतें. लहान इअरफोनचा प्लग असतो तसलाच. त्या प्लगास तीन भाग : टोंक, मधली कडी आणि दांडा. दांडा म्हणजे दोन्ही यंत्रांची सामाईक जमीन, अर्थात् अर्थिंग. राहिल्या दोन तारा बोलावयाच्या. त्या कशा बोलतात हें फार सुंदर आहे. दोन खोल्यांमधून दोन घंटांच्या दोऱ्या बांधल्या आहेत अशी कल्पना करा. एका खोलींत लिहिणारा, दुसरींत ऐकणारा. शून्य सांगावयाचें तर लिहिणारा एक दोरी खालीं ओढतो, एक सांगावयाचा तर दुसरी. ऐकणाऱ्यास तें समजलें कीं तो उरलेली दोरी ओढून हुंकार देतो. हुंकार मिळाल्यावर लिहिणारा आपली दोरी सोडतो, मग ऐकणाराहि आपली सोडतो. चार हालचालींत एक अंक पोंचला. गोष्ट ऐकणाऱ्या मुलानें "हूं" म्हटल्याशिवाय आजीनें पुढें जावयाचें नाहीं, असाच हा प्रकार. यामुळें घड्याळाच्या काट्याप्रमाणें वेळ सांभाळण्याची गरज राहत नाहीं; एक बाजू मंद असली तरी दुसरी तिच्यासाठीं थांबते. एक किलोबाइट मजकुरांत ८,१९२ अंक, म्हणजे तारांच्या ३२,७६८ हालचाली होतात. पण त्यांतील एकहि हुंकारावांचून पुढें सरकत नाहीं. शिवाय प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटीं त्यांतील आंकड्यांची बेरीज पाठविलेली असते. ती जुळली नाहीं तर गठ्ठा पुन्हां मागवितात. आपल्या जमाखर्चांतील ताळ्यासारखाच हा ताळा.

घरीं केलेली केबल चालते ती या सोशिक रीतीमुळेंच. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत व युरोपांत शाळकरी मुलांनीं अशा केबली पुष्कळ केल्या. त्यांना संगणक जोडावयाची घाई कां होती, याचेंहि कारण आहे. टीआय-८५ वर यंत्रभाषेंतील वेगवान खेळ चालविण्याची सोय कंपनीनें ठेवली नव्हती. हौशी लोकांनीं शोध लावला, कीं यंत्राच्या स्मृतीची संपूर्ण नक्कल संगणकावर घेऊन, तींत फेरफार करून ती परत यंत्रांत भरली तर तसें करतां येतें. झेडशेल नांवाची आज्ञावलि याच वाटेनें यंत्रांत शिरे. पण ही वाट केबलीवरूनच जात होती. कंपनीची राखाडी केबल संगणकाच्या सीरियल पोर्टास लागे व तिच्या पोटांत एक लहानसा नियंत्रक असे. पुढें काळी स्वस्त केबल आली, व त्यानंतर यूएसबीची रुपेरी. मुलांच्या खाऊच्या पैशांत पहिली बसत नसे. म्हणून यंत्राबरोबर पेटींत येणारी, दोन कॅल्क्युलेटर जोडण्याची दुतोंडी केबल घ्यावयाची, ती मधोमध कापावयाची, आणि मोकळ्या टोकास प्रिंटरच्या पोर्टाचा पंचवीस खिळ्यांचा प्लग डाख देऊन जोडावयाचा, ही युक्ति निघाली. संगणकाकडून दोऱ्या ओढण्यास दोन तारा, त्या पाहण्यास दोन, एक जमिनीची, आणि वीज उलट शिरूं नये म्हणून डायोड, इतक्यांत काम भागे.

येथें एक गोष्ट पुतण्याच्या लक्षांत आणून द्यावी लागली. "मी करून देतों" असें जेव्हां तो म्हणतो, तेव्हां तो केबलीचा निम्मा भागच करीत असतो. उरलेला निम्मा भाग म्हणजे त्या दोऱ्यांची भाषा समजणारी आज्ञावलि. ती भाषा हौशी लोकांनीं तारांवरील हालचाली मोजून उकलली, लिहून काढली व सर्वांस फुकट दिली. फ्रान्समधील रोमें लिएवें यांनीं आरंभलेली टिल्प ही आज्ञावलि आजहि कंपनीची केबल व जुन्या घरगुती केबली अशा दोहोंशीं बोलते आणि तिला दाम पडत नाहीं. तेव्हां घरीं केलेली वस्तुसुद्धां एकट्याची नसते. जानवें घरीं केलें तरी कापूस कोणी पेरलेला असतो.

सर्वच यंत्रांची गोष्ट अशी नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. त्याच काळीं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचें एचपी-४८ हें यंत्र इंजिनिअर मंडळींत प्रिय होतें. तें १९९० सालीं निघालें व संगणकाची सीरियल भाषा तें स्वतःच जाणत असे. कर्मिट या प्रसिद्ध पद्धतीनें तें मजकूर पाठवी. त्यामुळें त्याच्या केबलींत नुसत्या तारा पुरत, डायोड नको कीं नियंत्रक नको. परंतु त्याचा चार खिळ्यांचा प्लग इअरफोनच्या प्लगासारखा कोठल्याहि दुकानांत मिळणारा नव्हता. एकीकडे प्लग सोपा व भाषा अवघड, दुसरीकडे भाषा सोपी व प्लग अवघड. म्हणून "केबल करणें सोपें कीं कठीण?" या प्रश्नास एकच एक उत्तर नाहीं, यंत्र कोणतें, हें आधीं विचारावें.

आणि काळ कोणता, हेंहि विचारावें. पुतण्यानें जो नकाशा काढून आणला होता तो प्रिंटरच्या पोर्टाचा होता. आजच्या संगणकांस बहुधा तें पोर्ट नसतें. तो म्हणाला, "यूएसबीपासून प्रिंटर पोर्ट करणारा जोड मिळतो कीं!" मिळतो खरा, पण तो प्रिंटरला कागद छापावयास सांगण्यापुरताच. एकेक तार हवी तेव्हां ओढण्याची आणि सोडण्याची जी मोकळीक येथें हवी असते, ती त्यांत नसते. या सापळ्यांत अनेकांचे पैसे गेले आहेत. सीरियल पोर्टाच्या जुन्या नकाशांत तर याहून मोठा धोका. त्या पोर्टावर विजेचा दाब उणें बारापासून अधिक बारा व्होल्टांपर्यंत असूं शकतो, आणि कॅल्क्युलेटरच्या तारा पांच व्होल्टांच्या आसपासच्या. मध्यें योग्य ते डायोड व रेझिस्टर नसतील तर काकांची भीति खरी ठरावयाची. उलट, काम करतांना एखादी तार चुकून जमिनीच्या तारेस टेकली तर सहसा कांहीं बिघडत नाहीं, कारण दोरी ओढणें म्हणजे तेंच. नुकसान होतें तें बाहेरून जास्त दाब आंत शिरला तर.

मग आजच्या काळीं घरीं करावयाचें तर काय करावें? आर्डुइनो नांवाचें विद्यार्थ्यांच्या सरावाचें लहान पान मिळतें. त्याचा ऊनो हा प्रकार पांच व्होल्टांवर चालतो. त्याच्या दोन खिळ्यांना दोन तारा व जमिनीला तिसरी, आणि दुसऱ्या बाजूनें तें यूएसबीवर संगणकाशीं बोलतें. मुख्य नियम एकच : तार खालीं ओढावी किंवा सोडून द्यावी, आपण होऊन ती कधीं वर ढकलूं नये. ती वर ठेवण्याचें काम कॅल्क्युलेटर स्वतः करतो. पुतण्याच्या मनांत प्रथम रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक वापरावयाचें होतें. पण त्याचे खिळे ३.३ व्होल्टांचे असून पांच व्होल्ट त्यांस सोसत नाहींत. तेथें कॅल्क्युलेटर वांचला असता, पण पाय बिचारा गेला असता.

हें सर्व ऐकून आम्हीं दोन्ही पक्षांचा हिशेब मांडला. पैशांत पाहतां घरची केबल हजार रुपयांच्या आंत होत होती. अमेरिकेहून वापरलेली रुपेरी केबल मागवावयाची तर टपालखर्चासह कित्येक पट पडत होती. वेळांत पाहतां घरच्या केबलीस पुतण्याचे दोन आठवडे लागणार, विकतच्या केबलीस वाट पाहण्याचे तीन. विद्येचा लाभ सर्वस्वीं घरच्या बाजूस. पण या हिशेबांत एक रकम मांडावयाची राहिली होती, आणि ती आजींनीं मांडली.

आजींचें वय अठ्ठ्याऐंशी. त्या कोपऱ्यांत वाती वळीत सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तुमच्या तारा येतील तेव्हां येतील. पडद्यावर दिसतंय ना आत्तां? मग आधीं वहींत उतरून घ्या."

आम्ही सारे शिकलेसवरलेले लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलों. ज्या घरांत पोथ्या हातानें उतरून घेण्याची रीत होती, त्या घरांतील बाईला हें सुचावें यांत नवल नाहीं. आम्हांला सुचूं नये यांत मात्र आहे. त्याच रात्रीं काका एकेक ओळ वाचीत गेले व पुतण्या लिहीत गेला. दुसऱ्या रात्रीं पुतण्यानें वाचलें व काकांनीं पडद्याशीं ताडून पाहिलें. ७४ ओळी झाल्या. त्या रात्रीं घरांतील सर्वांस जरा स्वस्थ झोंप लागली असावी.

एवढें झाल्यावर निवाडा सोपा होता. आम्हीं सांगितलें, दोन्ही करा, पण क्रमानें. काकांनीं रुपेरी केबल मागवावी व तिच्याबरोबरच त्याच जातीचें एक रिकामें, वापरलेलें टीआय-८५ हि मागवावें. पुतण्यानें आपली केबल खुशाल करावी. मात्र तिची पहिली परीक्षा त्या रिकाम्या यंत्रावर व्हावी. आजोबांच्या यंत्रास तोंवर कोणी हात लावूं नये.

तसें झालें. पुतण्याची केबल पहिल्या दिवशीं मुकी राहिली. टोंकाची तार कडीला आणि कडीची टोंकाला असा डाख त्यानें दिला होता. म्हणजे शून्याच्या जागीं एक व एकाच्या जागीं शून्य. अशा बोलण्याचा ताळा कसा जमावा? रिकाम्या यंत्रावर ती चूक हंसण्यावारी गेली. दुसऱ्या दिवशीं तारा उलटवल्यावर त्यानें एक लहानशी आज्ञावलि दहा वेळां पाठवून दहा वेळां परत घेतली, व दाही वेळां ताळा जमला. काकांनीं आजोबांची आज्ञावलि रुपेरी केबलीनें उतरून घेतली. मग त्यांनीं आपण होऊन तें जुनें यंत्र पुतण्यापुढें केलें आणि म्हणाले, "आतां तुझी लाव." दोन्ही केबलींनीं आणलेला मजकूर एकमेकांशीं तंतोतंत जुळला.

वहीशीं मात्र तो एके जागीं जुळेना. या यंत्रांत वजाबाकीचें चिन्ह निराळें व ऋणसंख्येचें निराळें असतें. पडद्यावर दोन्ही आंखूड आडव्या रेघाच दिसतात. वहींत तीं एकच झालीं होतीं. केबल नसती तर ही चूक कळली नसती, आणि वही नसती तर केबल येईपर्यंत धीर निघाला नसता.

या प्रकरणावरून आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें. वस्तु घरीं करावी कीं विकत घ्यावी, याचा निकाल किंमतीच्या पाटीवर नसतो. ती वस्तु ज्याला जोडावयाची तें गमावलें तर परत येणार आहे का, हा पहिला प्रश्न. येणार असेल, तर मुलांच्या हातीं डाख देण्याचें सामान खुशाल द्यावें. चुकून एखादी वस्तु बिघडली तरी शहाणपण घरांत राहतें. येणार नसेल, तर आधीं हातानें उतरून घ्यावें, मग पारखलेल्या साधनानें, आणि शेवटीं घरच्या साधनानें. पण घरचें साधन त्या पंक्तींतून अजिबात उठवूं मात्र नये. विकतची केबल उद्यां मिळेनाशी होईल, संगणकाचीं भोंकें पुन्हां बदलतील. त्या दिवशीं दोन दोऱ्यांचें बोलणें ज्याला समजतें असा एक मुलगा घरांत असणें हाच खरा सांठा.

शेवटीं पुतण्यानें आपल्याच केबलीनें ती आज्ञावलि रिकाम्या यंत्रांत भरली. जुन्याचे सेल गेले तरी आतां चिंता नाहीं. नव्या यंत्रांत त्यानें त्या दिवसाची तारीख घातली. तिथि आली, भिंतीवरच्या पंचांगाशीं जुळली. खालीं ती ओळ उमटली. आजींनीं ती वाचून दाखवावयास सांगितली. काकांनीं वाचली. क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग आजी पुतण्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस ना? मग ऊठ, सांज झाली."